गाठ कुणाची

"पौर्णिमाचाच जिवाणू का, सर? माझा का नाही?"

हेरंबनं डोंगरदिवे सरांना विचारलं. संशोधन केंद्राच्या शेतात उकिडवे बसून ते सोयाबीनचं एक रोप अलगद, मुळासकट काढत होते.

हेरंब त्यांचा सर्वांत जुना विद्यार्थी. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र पिकाला देणारा एक जिवाणू सरांनी त्याच्या हाती सोपवला होता. हेरंबनं तो पोटच्या पोरासारखा सांभाळला. शेतकऱ्यांना पाकिटातून तोच मिळे.

पौर्णिमा मागाहून आली. तिला याच शेताच्या बांधालगत एक नवा जिवाणू सापडला. काल सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, यंदा शेतकऱ्यांना तिचाच द्यायचा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेरंबचे हात हलले नाहीत.

"मी दोन्हींची जनुकं ताडून पाहिली, सर."

"मग?"

"तिचा जिवाणू आपल्या कुळातला नाहीच. मातीतला कुणी परका आहे. पण गाठ धरायची जनुकं..." त्याचा आवाज चढला. "ती माझ्या जिवाणूची आहेत! जशीच्या तशी!"

"त्याच्याकडे कशी गेली?"

"मातीत शेजारी राहून. यानं दिली, त्यानं घेतली."

"घेतली?"

"लाटली!"

सरांनी मुळाची एक गाठ नखानं फोडली. आतून लालसर रस आला. ती फोडलेली गाठ त्यांनी हेरंबच्या तळहातावर ठेवली.

"या वाफ्यात दोन्ही जिवाणू सोडलेत. ही गाठ कुणाची?"

हेरंब तळहाताकडे पाहत राहिला.

"नुसतं बघून नाही सांगता येणार..."

"बरं. तुझ्या जिवाणूनं जनुकं दिली. मग त्याच्याजवळ उरलं काय?"

"होतं ते सगळं. काहीच गेलं नाही त्याचं."

वारा आला. पानं उलटीपालटी झाली.

"पाकिटांसाठी जिवाणू टाकीत वाढवायचा कसा, हे पौर्णिमाला नीट जमत नाही," सर म्हणाले. "तुला जमतं. ती विचारायला आली होती ना?"

"आली होती."

"काय म्हणालास?"

"...वेळ नाही म्हणालो."

सरांनी नुसती मान हलवली. ते हेरंबला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

"पण मी आधी आलो होतो, सर," तो पुटपुटला. "तिच्या कितीतरी आधी."

सरांनी रोप पुन्हा वाफ्यात उभं केलं. मुळांवर माती ओढली, हातानं दाबली.

"माझ्या गुरूंकडेही माझ्याआधी एक जण होता. माझ्याहून हुशार. हात तर असा, की गुरूही बघत राहायचे. पण कुणी काही विचारलं की त्यालाही वेळ नसायचा."

"कोण, सर?"

सर गुडघ्यावर हात टेकून उठले.

"तू नाव ऐकलं नसशील."