निसणीच्या खिंडीतला सब्जा

निसणीची खिंड चढून आलात की उघड्या खडकाच्या बेचक्यात सब्ज्याची झाडं दिसतात. वर ना झरा, ना विहीर. तरी भर चैत्रात ती फुललेली असतात.

असे सांगतात की पूर्वी या वाटेनं माणसं डोक्यावर मिठाची ओझी घेऊन घाट चढत. त्यातल्याच एकाला माथ्यावर ऊन लागलं आणि तो इथंच गेला. त्याची बायको भिवराई पायथ्याच्या वाडीतली. आपल्या माणसावर आलं ते पुन्हा कुणावर येऊ द्यायचं नाही, असं तिनं इथंच, त्याच्या उशाशी बसून ठरवलं. सब्जा थंड, त्याचं बी पाण्यात भिजवून प्यालं की ऊन बाधत नाही. आपण असू-नसू, वाटसरूला बी हाताशी मिळावं, म्हणून तिनं पाटीपाटीनं माती वर आणून बेचक्यात भरली आणि बी टाकलं.

पहिली रोपं करपली. दुसरी पावसात मातीसकट वाहून गेली. मेंढ्या चारणारा येसबा धनगर रोज हसायचा.

"भिवराई, खडकावर काय उगवायचं गं?"

"उगवंस्तवर पेरीन," ती म्हणाली, आणि पुन्हा पाटी उचलली.

शेवटी झाडं धरली. मग रोज एक घागर वर न्यायची, हा तिचा नेमच झाला. पण एका उन्हाळ्यात चढतानाच तिला भोवळ आली. पडतानाही घागर तिनं पोटाशी धरली होती म्हणे. येसबा धावला, ओंजळ तिच्या ओठांशी नेली. बाईनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आधी झाडास्नी."

येसबा खवळला. "मेलीस तर झाडांचं कोण बघल?"

तिला बोलवेना. तिनं हात उचलला आणि त्याच्याकडेच बोट केलं.

येसबाचं हसणं तिथंच संपलं. त्यानं आधी झाडांना पाणी घातलं, वाळल्या मंजिऱ्या चोळून बी उरलेल्या पाण्यात भिजवलं आणि मग तिला पाजलं. बाई वाचली. दुसऱ्या दिवसापासून घागर येसबाच्या खांद्यावर आली.

आजही खिंड चढणारा कितीही तहानलेला असो, पाण्याची पहिली ओंजळ सब्ज्याला घालतो, मगच आपण पितो. वाडीचे म्हातारे कोंडिबा पाहुण्यांना वर घेऊन येतात. एवढ्या खडकात झाडांना पाणी कोण घालतं, असं कुणी ना कुणी विचारतंच. कोंडिबा विचारणाऱ्याकडे बोट करतात.