सोनकीवहिनींचा तारांकित प्रश्न

एका मोठ्या जंगलात लोकशाही होती. म्हणजे पूर्वी तिथे बिबट्या वाटेल त्याला, वाटेल तेव्हा खात असे. मग प्राण्यांनी मोठं आंदोलन केलं आणि असं ठरलं, की यापुढे बिबट्याने निवडून येऊन खावं.

जंगलाच्या मध्यावर एक वड होता. वडाच्या फांद्यांवर वरची सभा भरायची. तिथे जाणते, पडलेले आणि कुणाकुणाचे मेहुणे बसत. बुंध्याशी खालची सभा भरायची. तिथे मतदारांनी निवडून दिलेले आमदार बसत. खालच्या सभेचे दोन नियम कडक होते. वडाच्या सावलीत कुणी कुणाला खायचं नाही, आणि तारांकित प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं.

पाणवठा मतदारसंघाचे आमदार होते रावजी शिंगाडे, जातीने सांबर. पक्ष तृणभक्षी सेवा पक्ष, निशाणी गवताची पेंढी, अध्यक्ष भाऊसाहेब बिबटे. रावजींनी एकदा जाहीर केलं, की पाणवठ्यावरची पाडसं कमी का होताहेत, असा तारांकित प्रश्न आपण पुढच्या बैठकीत टाकणार आहोत. पुढच्या बैठकीला रावजी नव्हते. ओढ्याकाठी त्यांची शिंगं तेवढी सापडली.

शिंगांना हार घालून भाऊसाहेब स्वतः सांत्वनाला आले. रावजींची बायको सोनकी करवंदीच्या जाळीपाशी उभी होती.

"वहिनी," भाऊसाहेब गहिवरून म्हणाले, "रावजी गेले असं म्हणू नका. ते माझ्यात आहेत."

ते जवळ वाकले तेव्हा सोनकीला त्यांच्या श्वासातून ओळखीचा वास आला. तिने मान फिरवली. लोकांना वाटलं, बाईला रडू आवरेना.

विरोधी पक्षाचे तरसेमामा हे प्रकरण लावून धरणार होते, पण उरलंसुरलं त्यांनीच खाल्लं होतं. त्यांनी मौन पाळलं.

पोटनिवडणूक लागली. पक्षाचे चिटणीस कोल्हेनाना उमेदवारी घेऊन दारात हजर. सोनकी नाही म्हणणार होती, पण तिची धाकटी जाऊ भिंगरी कानाशी लागली. "अक्का, उभ्या राहा. आपल्याकडे उभं राहिलं नाही, की आडवं करतात."

सोनकीच्या मनात मात्र वेगळंच होतं. वडाखाली खरं सांगावं लागतं. एकदा का सगळ्यांसमोर बिबट्याच्या तोंडून ते बाहेर पडलं, की मग कोण त्याच्या शेजारी बसेल? ती उभी राहिली.

रावजींची शिंगं एका रानगव्याच्या पाठीवर बांधून मिरवणूक निघाली. "येऊन येऊन येणार कोण? सोनकीवहिनींशिवाय आहेच कोण!" भाऊसाहेबांनी पाणवठ्यावर सभा गाजवली.

"विरोधक म्हणतात, मी खातो! अरे, मी जन्मात गवताची एक काडी खाल्ली असेल तर पुरावा द्या! का नाही खाल्ली? तुमच्या तोंडचा घास मला काढून घ्यायचा नव्हता म्हणून!"

भेकरं, चितळं, ससे, सगळ्यांनी पाय आपटले.

मग सोनकी उठली. नानांनी पाठ करून घेतलेलं भाषण तिने सोडून दिलं. "माझ्या नवऱ्याला कुणी खाल्लं, ते मी वडाखालच्या सभेत विचारणार आहे," ती म्हणाली आणि खाली बसली.

सगळा पाणवठा रडला. कोल्हेनाना धावत आले. "वहिनी, काय चाललं हो हे! आता रोज हेच बोला!"

भाऊसाहेबांनी माइक ओढून घेतला. "वहिनींचा प्रश्न तोच माझा प्रश्न!"

सोनकी विक्रमी मतांनी आली. त्या जोरावर भाऊसाहेब मुख्यमंत्री झाले. पहिल्याच बैठकीत सभापती कासवेगुरुजींनी तिचा प्रश्न पुकारला. सोनकी उठली. "माझ्या नवऱ्याला कुणी खाल्लं?"

भाऊसाहेब सावकाश उठले.

"मी खाल्लं," ते म्हणाले. "पण स्वतःसाठी नाही. जंगलाचं नेतृत्व उपाशीपोटी होत नाही."

सोनकीने डोळे मिटले. आता सगळे उठतील, असं तिला वाटलं. आणि सगळे खरंच उठले. उभं राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतका पारदर्शक मुख्यमंत्री जंगलाने पाहिला नव्हता.

"सदस्यांचं समाधान झालं का?" कासवेगुरुजींनी विचारलं.

"मग आता?" सोनकी म्हणाली.

"आता पुढचा प्रश्न. करवंदांच्या वाटपाबाबत."

समोरच्या बाकावरून तरसेमामांनी सरकून जागा केली. "या वहिनी, आमच्याकडे या. रावजींवर आमचाही हक्क होता."

सोनकी दोन्हीकडे गेली नाही. राजीनामा देऊन ती पाणवठ्यावर परतली आणि कळपाला सगळं सांगितलं.

"ते आम्हाला ठाऊकच होतं," एक म्हातारं भेकर म्हणालं. "पण माणूस मोकळा आहे हो. आधीचे सांगायचेसुद्धा नाहीत."

महिन्याभरात झाडाझाडावर घोषणा लागली: खातो, पण सांगतो!

पुन्हा पोटनिवडणूक लागली. सोनकी अपक्ष उभी राहिली. रावजींची शिंगं पक्षाची मालमत्ता ठरली होती, ती दुसऱ्या उमेदवारासाठी निघाली. ती उमेदवार भिंगरी होती.

"नाही म्हणायचंस," सोनकी म्हणाली.

भिंगरी म्हणाली, "भाऊसाहेब म्हणाले, नाही म्हटलंस तर घरी सांत्वनाला येतो."

त्या संध्याकाळी पाडसं पाणी प्यायला उतरली, तेव्हा सोनकी काठावर जंगलाकडे तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने भिंगरी येऊन तिच्या बाजूला उभी राहिली. मग आणखी चार-दोन माद्या आल्या. भोवती कडं झालं आणि पाडसं पोटभर प्यायली. दुसऱ्या दिवशी पक्षाने हा बेकायदा जमाव असल्याचं पत्रक काढलं. त्याही संध्याकाळी कडं झालं.

सोनकी पडली, भिंगरी आली. पाणवठ्यावर मतदारच कमी उरल्यामुळे मतदानाची टक्केवारी मात्र कधी नव्हती इतकी वाढली, आणि लोकशाहीवरचा हा वाढता विश्वास पाहून भाऊसाहेबांनी जनतेचे जाहीर आभार मानले.