दहावी हाक

जंगल जिथे संपते आणि कुसळांचा माळ सुरू होतो, तिथे करवंदीच्या एका जाळीत एक ससा आपल्या आईबरोबर राहत असे. मुलांनो, सशांविषयी तुम्ही काय काय ऐकले असेल ते जरा बाजूला ठेवा. हा ससा आळशी नव्हता, गर्विष्ठ तर मुळीच नव्हता. त्याला फक्त एकदा शर्यतीत पहिले यायचे होते. पहिल्या येणाऱ्याला त्या माळावर काही मिळत नसे, चार दिवस नाव निघे एवढेच. पण त्या चार दिवसांसाठी तो सारे वर्ष झुरत असे.

दरवर्षी गवत कापून झाले की माळावर शर्यतींचा हंगाम सुरू होई. वठलेल्या बाभळीपासून बोरीच्या झुडपापर्यंत एक सरळ पट्टा होता. त्या पट्ट्यावर हंगामात पाच शर्यती होत आणि तोवर तिथे कुणी कुणाची शिकार करायची नाही, असा माळाचा कायदा होता. शर्यती लावायचे काम टिटवीकडे होते. बाभळीखालच्या दगडावर उभी राहून ती सारख्या अंतराने हाका देई. धावणारा बोरीला टेकेपर्यंत जितक्या हाका होत, तितकी त्याची वेळ. साधारण सशाला चौदा हाका लागत. चिंकाऱ्याच्या पाडसाला अकरा. आपल्या सशाला बारा लागत, आणि त्या वरच्या एका हाकेने त्याची झोप उडवली होती.

"तू फार वळतोस," टिटवी त्याला म्हणाली. तीच त्याला शिकवत असे. "चार उड्या सरळ मारतोस आणि पाचवी आडवी. ती आडवी उडी तुझी अख्खी हाक खाते. आणि सारखा इकडेतिकडे बघतोस कशाला? मान खाली घाल. बोर छातीला लागली की मग वर बघ."

आता ही आडवी उडी काही ससा हौसेने शिकला नव्हता. डोळे उघडल्यापासून आईने त्याच्याकडून ती घोटून घेतली होती. जाता जाईना. मग त्याने काय केले असेल? बाभळीच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दाट रचून ठेवल्या. आडवा गेला की काटा बसे. रोज पहाट फुटली की तो धावे, रोज काटे खाई, आणि कुशी चाटत परत येई.

"हे काय रे? दोन्ही कुशी सोलून निघाल्यात की!" आई म्हणाली.

"आडवी उडी जात नाही ना, आई. काट्यांनीच जाईल."

"जाऊ देऊ नकोस रे ती. माझ्या आईने मला तेवढंच दिलं होतं. मीही तुला तेवढंच दिलंय."

"हंगाम संपला की पुन्हा शिकेन. चार दिवसांचं तर काम."

आईने त्याच्या कुशीतले काटे दातांनी एकेक करून काढले. त्यातला एक आत मोडला, तो तसाच राहिला.

पट्ट्याशेजारच्या वारुळावर एक म्हातारा कोल्हा रोज येऊन बसे. त्याचा मागचा एक पाय लुळा होता, त्यामुळे त्याला धावता येत नसे. सशाचा सराव तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघे. एकदा त्याने सशाला हाक मारून सांगितले, "तुझं पाऊल रोज त्याच खुणेवर पडतं बघ. मोठी मेहनत आहे हो तुझी." सशाला फार बरे वाटले. इतके दिवस त्याचे कौतुक करायला दुसरे आले होते कोण? कोल्ह्याने हंगामात माळाचा कायदा एकदाही मोडला नाही, हेही त्याच्या बाजूने सांगायलाच हवे.

पहिल्या शर्यतीत ससा चौथा आला. दुसऱ्या शर्यतीत त्याचा पाय जमिनीच्या भेगेत अडकला आणि तो त्याहून मागे पडला. तिसऱ्या शर्यतीत मात्र तो एकदाही आडवा गेला नाही आणि दुसरा आला. चौथीच्या वेळी तो सुजलेला पाय घेऊन जाळीत पडून राहिला. तिथून त्याला टिटवीच्या हाका ऐकू येत होत्या आणि प्रत्येक हाकेला त्याचे पाय पडल्या पडल्याच हलत होते. पाचव्या, शेवटच्या शर्यतीत ससा आणि पाडस अगदी बरोबरीने धावले. अकराव्या हाकेला दोघेही बोरीपाशी पोचले. पण पाडसाची मान लांब, त्याचे नाक आधी टेकले.

"माझी मान लांब म्हणून रे. नाहीतर आज तूच होतास," पाडस म्हणाले. ते खरेच मनापासून बोलले होते, म्हणूनच सशाला जास्त लागले.

टिटवीने दगडावरून जाहीर केले, "हंगाम संपला! पट्टा उठला!" याचा अर्थ माळावर सगळ्यांना ठाऊक होता. सूर्य मावळला की कायदा संपला, मग ज्याने त्याने आपापला जीव सांभाळायचा. सगळे पांगले. कोल्हा सर्वांत शेवटी, लंगडत लंगडत उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ससा टिटवीच्या दगडापाशी हजर.

"बाई, एकदाच मोजा. आज दहा होतील."

"वेडा आहेस का? पट्टा उठलाय."

"माहीत आहे. पण पुढच्या वर्षापर्यंत हे पाय असे राहणार नाहीत. फक्त एकदा, बाई. मग मी आईकडून आडवी उडी पुन्हा शिकायला बसणार आहे."

टिटवीने नाही म्हणायला हवे होते. पण तिनेच त्याला घडवले होते, आणि त्या माळावर दहा हाका आजवर कुणाच्याच झाल्या नव्हत्या. तिलाही त्या ऐकायच्या होत्या. तिने इकडेतिकडे पाहिले, वारूळ रिकामे दिसले. "बरं, उभा राहा," ती म्हणाली.

ससा असा धावला, की मुलांनो, तसा तो कधीच धावला नव्हता. मान खाली, कान पाठीला चिकटलेले, प्रत्येक पाऊल ठरल्या खुणेवर. सहाव्या हाकेला त्याने अर्ध्याहून जास्त पट्टा मागे टाकला. आठव्या हाकेला त्याच्या मनात आले, आज होणार! नवव्या हाकेला बोरीचा वास आला, आणि त्यात दुसराही एक वास होता. त्याने डोळे वर केले. बोरीच्या झुडपाला पाठ लावून, ठरल्या खुणेच्या बरोबर समोर, कोल्हा बसला होता.

सशाच्या मनाने सांगितले, आडवा हो. तो जीव तोडून वळू पाहत होता. पण पायांना काट्यांनी जे शिकवले होते तेच पायांनी केले. ते सरळ गेले. कोल्ह्याला जागचे उठावेही लागले नाही. टिटवीची दहावी हाक तिच्या गळ्यातच अर्धी तुटली.

हे सांगायला मलाही नको वाटते, पण टिटवीला ते सांगावेच लागले. ती करवंदीच्या जाळीपाशी गेली, मान खाली घालून उभी राहिली आणि सशाच्या आईला सगळे सांगितले. मग ती म्हणाली, "ताई, दहा झाल्या. आजवर या माळावर कुणाच्याच झाल्या नव्हत्या."

आईने एवढेच विचारले, "आणि आडवा किती वेळा गेला?"

"एकदाही नाही," टिटवी म्हणाली.

आई जाळीत परत गेली. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या पुढच्या हंगामापर्यंत कुणी उचलल्या नाहीत.

तात्पर्य : जिंकण्यासाठी काही विसरायचे असेल, तर तेच जगण्यासाठी लागणार नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे.