जन्माचा बहिरा

तोफेशेजारी बसून सतरा वर्षं वायरलेस ऐकणारे हवालदार गुणाजी निकम ठार बहिरे होऊन घरी आले, आणि वर अपंगत्वाची पेन्शनही नामंजूर झाली. अपिलाच्या सुनावणीत अध्यक्षांनी कागदावरून मानसुद्धा वर न करता सांगितलं, "बहिरेपण जन्मजात आहे. नोकरीचा संबंध नाही."

निकमांच्या बायकोनं, वत्सलाबाईंनी, ते पाटीवर लिहून नवऱ्याला दाखवलं.

निकम उठले. "तसंच लिहून द्या साहेब, अपील आत्ता मागं घेतो. फक्त खाली एवढं घाला, की तोफेचा गोळा कुठं टाकायचा हे ऐकायला लष्करानं सतरा वर्षं जन्माचा बहिरा बसवला होता, आणि दरसाल तुमच्याच डॉक्टरांनी त्याचे कान तपासून ठणठणीत म्हणून सही केली."

अध्यक्षांनी मान वर केली. मग 'जन्मजात' शब्द खोडला.