धामणवेढ्याच्या रहाटाला तेल लावत नाहीत

ही करकर ऐकलीत ना, ती देवळामागच्या विहिरीची. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, रहाटाला थोडं तेल का घालत नाही? आमच्या धामणवेढ्यात त्या रहाटाच्या कण्याला तेलाचं बोटसुद्धा लावत नाहीत. बसा जरा. मी या महादेवाचा गुरव. माझ्या आज्याने सांगितलं तसं सांगतो.

फार वर्षांमागे इथे धुरपदा नावाची बाई होती. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचे डोळे गेले. पुढे नवराही वारला. ती आणि तिची धाकटी जाऊ साळू एका घरात राहत. धुरपदेचं सगळं जग कानात होतं, असं सांगतात. ताकातली रवी, गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा, नव्या मडक्यावर मारलेली टिचकी, यातलं काही कानावर आलं की ती हातातलं काम थांबवून ऐकत बसे. पण खरा जीव या रहाटावर. साळूला म्हणायची, "बाकीचे आवाज येत्यात नि जात्यात. ह्यो तेवढा सूर धरून ऱ्हातो." जात्यावर बसली की तोच सूर मनात धरून ओवी उचलायची. गावात लग्न निघालं की हळद दळायला आधी धुरपदेला बोलावणं जाई.

विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. दोन दगडी खांब, वर रहाट, खाली पाणी. सकाळी बाया पाणी शेंदू लागल्या की धुरपदा घागर घेऊन आवाजाच्या रोखाने एकटी चालत यायची. आवाज अगदी जवळ आला की थांबायची. कुणी हात धरलेला तिला खपत नसे.

एका चैत्रात जत्रेसाठी पाटलांनी केशवबुवा नावाचे मोठे गवई बोलावले. बुवा याच ओवरीत उतरले. तानपुरा जुळवायला बसले, पण तो काही जुळेना. त्यांनी पाटलांना सांगितलं, "तुमचा रहाट माझ्या षड्जाच्या किंचित वर बोलतो. माझा कान सारखा तिकडे ओढला जातो. जत्रेपुरता त्याला गप्प करा." मागणी काही मोठी नव्हती. पाटलांनी तेली पाठवला. तेल्याने संध्याकाळी कण्यावर एरंडेल ओतलं, तेव्हा भोवती पुष्कळ माणसं होती. धुरपदेला सांगायला हवं, हे त्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात आलं होतं म्हणे. पण दुसरं कुणी सांगेलच, असं प्रत्येकाला वाटलं.

सकाळी विहिरीवर साळू एकटीच होती. जत्रेच्या स्वयंपाकाचं पाणी हवं म्हणून लवकर आली होती. खाली वाकून दोर ओढत होती. रहाट मुकाट फिरत होता. ओवरीत बुवांचा तानपुरा मनाजोगता लागला होता, आणि त्यांनी डोळे मिटले होते.

धुरपदा वाटेने आली. कानावर रहाट येत नाही, म्हणजे विहीर अजून लांब आहे, असं समजून चालत राहिली. साळूने पावलं ऐकली, पण रोज कुणी ना कुणी येतच असे. तिने मान वर केली तेव्हा धुरपदेचा पाय काठाबाहेर पडला होता.

बाहेर काढली तोवर काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी जत्रेत वाद्य वाजलं नाही. काय घडलं ते कळल्यावर बुवा खाली मान घालून विहिरीवर गेले आणि राख नि रिठा घेऊन कणा घासू लागले. पण तेल लाकडात मुरलं होतं. बुवा परत गेले नाहीत. कणा झिजून कोरडा व्हावा म्हणून घरोघरचं पाणी स्वतः शेंदत राहिले. हाताची सालं निघाली. पुढच्या चैत्रात रहाट पुन्हा बोलू लागला, तेव्हा त्या सुराला तानपुरा जुळवून ते देवापुढे गायला बसले. ऐकता ऐकता साळू मधेच उठली.

"सूर तिचाच लावलात बुवा," ती म्हणाली. "आता ऐकवणार कुणाला?"

बुवांनी तानपुरा खाली ठेवला. तो देवळातच सोडून ते निघून गेले. पुढे कुणाला दिसले नाहीत, असं सांगतात. तेव्हापासून जत्रेला कितीही मोठा गवई येवो, आधी दोन पोहरे पाणी शेंदतात आणि त्या आवाजाला त्याने आपली वाद्यं जुळवायची. न जमलं तर गाऊ नये.

साळू मात्र पुढे पुष्कळ जगली. तेल्याचा दोष, पाटलाचा दोष, असं म्हणून बाया तिची समजूत घालायच्या. ती म्हणायची, "रहाट मुका झाला हुता. मी न्हवते." रोज सकाळी विहिरीवर जाऊन पोहरा सोडण्याआधी मोठ्याने म्हणायची, "हितं हीर हाय गं."

आता कठडा आहे, घरोघर नळ आले आहेत. विहिरीचं पाणी फक्त देवाच्या अभिषेकाला लागतं. आजही जी कुणी ते शेंदायला जाते, ती आधी एवढं मोठ्याने म्हणते. समोर वाट रिकामी असली तरी म्हणते, आणि वाटेकडे बघत जराशी थांबून मगच पोहरा सोडते.