मुक्या गाडीची हमी

पूर्वी, म्हणजे आपल्यापैकी कुणाच्याच पणजोबाला आठवणार नाही इतक्या पूर्वीची ही गोष्ट. लहानांनी पुढे सरकून बसायचं. मोठ्यांनी पेंगायचं नाही, कारण गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

एका उंच घाटाच्या पायथ्याशी जुन्या बैलगाड्यांचा बाजार भरायचा. कुणाचे बैल गेले, कुणाचे हात थकले, की त्यांच्या गाड्या तिथे येऊन उभ्या राहायच्या आणि गरजू माणसं त्या विकत घ्यायची. सुभाना नावाचा एक गाडीवान त्या बाजारात आला. घाटाच्या वरखाली माणसं पोचवायची, हा त्याचा धंदा. त्याची आधीची गाडी वाळवीने खाल्ली होती. सोबत त्याची बायको येसू होती, कारण येसूला विचारल्याशिवाय सुभाना सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. म्हणजे घ्यायचा, पण मग चार शब्द ऐकून घ्यावे लागायचे.

दोघांना एक गाडी पसंत पडली. जुनी होती, पण सागाची होती. विकणारा म्हातारा म्हणाला, "बाबांनो, खोटं कशाला बोलू? ही गाडी कुरकुरते. पण तिचं ऐकत जा. चाक किरकिरलं की वंगण मागतेय असं समजायचं. दोन्ही चाकं जोडणारा आख कण्हायला लागला की गाडी सोडायची आणि सुताराला बोलवायचं. एवढं केलंत तर तुमच्या नातवंडांना पुरेल."

येसूने गाडी थोडी ढकलून पाहिली. चाक कुईं करून बोललं. येसू हसली. "बरी आहे की! मनातलं सांगते तरी."

गाडी घेऊन ते निघाले. बाजार संपतो आणि रस्ता घाटाकडे वळतो, तिथे एक माणूस बसला होता. दिवसभर धुरळा उडत होता. माणसं, बैल, झाडं, सगळी मातीच्या रंगाची झाली होती. या माणसाच्या धोतरावर मात्र एक कण नव्हता. शेजारी तोंड बांधलेली एक मोठी झोळी होती. तो बोलायचा थांबला की झोळीतून बारीक किरकिर ऐकू यायची, जशी पावसाळ्यात कुडाच्या भिंतीतून किड्यांची येते.

"जुनी घेतलीस?" तो गोड आवाजात म्हणाला. "जुन्या वस्तूचा काय भरवसा? आज आहे, उद्या नाही. मी हमी देतो. या गाडीचं जे मोडेल, जिथे मोडेल, तिथे मला हाक मार. मी येईन आणि होती त्याहून चांगली करून देईन."

"आणि त्याबद्दल घ्याल काय?" सुभानाने विचारलं.

"पैसा नको. हिची कुरकुर दे."

सुभानाला वाटलं, याला वेड लागलंय. तेवढ्यात त्याच्या ओळखीचा परसू नावाचा गाडीवान तिथून चालला होता, तो थांबला. "घे, घे, विचार कसला करतोस!" परसू म्हणाला. "माझा आख नदीच्या पात्रात मोडला. हाक मारायचा अवकाश, हा माणूस पाण्यात उभा! पायसुद्धा ओले नव्हते रे त्याचे. क्षणात गाडी नवी करून दिली. तेव्हापासून मी गाडीत झोपतो."

पाय ओले नव्हते, हे ऐकून खरं तर माणसाने तिथून पळ काढावा. पण फुकटचं म्हटलं की आपले कान अर्धंच ऐकतात. सुभानाने अर्धंच ऐकलं.

येसूने त्याची बाही ओढली. "अहो, मला काही हे लक्षण ठीक दिसत नाही. तान्हं पोर रडतं म्हणून कुणी त्याचा आवाज काढून घेतं का? रडतं म्हणून तर कळतं, भूक लागलीय की पोट दुखतंय."

"तुझं आपलं काहीतरीच! कुरकुर दिली तर गेलं काय आपलं? घरात तू करतेस तेवढी पुरे आहे," सुभाना म्हणाला, आणि परसूला टाळी देऊन हसला. येसू हसली नाही.

त्या माणसाने झोळीचं तोंड सोडून चाकाला लावलं आणि हलकेच चाक फिरवलं. कुईं असा आवाज आला, लांबत गेला, बारीक झाला आणि संपला. त्याने झोळी बांधली. सुभानाने गाडी हाकली. चाकं फिरत होती, दगडांवरून जात होती, पण आवाज म्हणून नाही. येसूने चाकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"गार लागतंय," ती म्हणाली.

पुढे काय झालं, ते तुम्ही ओळखलं असेलच. पहिले काही दिवस सुभाना सवयीने वंगण घालायचा. मग राहू लागलं. कुरकुरच नाही, तर आठवण कोण करून देणार? वंगणाच्या मडक्यात मुंग्या झाल्या. येसू म्हणायची, "अहो, चाक बघा जरा." सुभाना म्हणायचा, "हमी आहे ना!" ती म्हणायची, "आख तरी तपासा." तो म्हणायचा, "अगं, हमी आहे." शेवटी तिनेही सांगणं सोडलं. रोज तेच उत्तर मिळालं की माणूस किती दिवस विचारील?

पण गावाला काहीतरी जाणवत होतं. ही गाडी आली की कुत्री भुंकायची नाहीत, नुसती मागे सरायची. विहिरीवरच्या बायका वळून पाहायच्या आणि गाडी अगदी पाठीशी उभी दिसली की त्यांच्या हातचे दोर सुटायचे. तशा गाड्या वाढतच होत्या. घाटात कधी कधी समोरून मुक्या गाड्यांची रांग यायची. एकाही चाकाचा आवाज नाही, आणि गाडीवान सगळे डोळे मिटून पेंगत बसलेले. रांग निघून गेली की येसू पदर घट्ट लपेटून घ्यायची.

एके दिवशी घाटावरच्या गावाहून निरोप आला. त्यांच्या लेकीचे, गोदेचे, दिवस भरले होते. दुसरी खेप होती आणि सासरी दुसरं बाईमाणूस नव्हतं. येसूने बाळंतविडा बांधला, डिंकाचे लाडू घेतले, मऊ जुनी लुगडी घेतली. गाडीत बसता बसता तिने सवयीने विचारलंच, "चाक पाहिलंत का?"

"हमी आहे," सुभाना म्हणाला.

घाट अर्धा चढून झाला तेव्हा भर दुपार होती. वारा नाही, पाखरू नाही. डोक्यावर ऊन आणि एका अंगाला खोल दरी. अचानक बैल थांबले. डावा बैल मान वळवून मागे पाहू लागला. त्याच्या अंगावर शहारा आला होता.

"अहो, त्याला काहीतरी कळतंय. उतरून बघा ना," येसू म्हणाली.

सुभाना उतरला नाही. त्याने बैलांच्या शेपट्या पिळल्या आणि गाडी पुढे काढली.

थोडं अंतर गेलं आणि त्याच्या शेजारून एक चाक पुढे गेलं. एकटंच, सरळ, बिनआवाजाचं. सुभाना त्याच्याकडे पाहत राहिला. कुणाचं बरं हे चाक, असंही त्याच्या मनात आलं. मग गाडी कलली.

कोरडा पडून झिजलेला आख तुटला होता. सुभाना रस्त्याच्या बाजूला फेकला गेला. येसू दरीच्या बाजूला बसली होती. त्या सगळ्यात आवाज एकच झाला, आणि तो तिच्या किंकाळीचा होता.

सुभानाने जिवाच्या आकांताने हाक मारली. ती पुरी व्हायच्या आत तो माणूस वळणावरून येताना दिसला. पांढरं धोतर, खांद्यावर झोळी, काखेत निसटलेलं चाक. चढ चढूनही त्याला धाप लागली नव्हती.

"चिंता करू नकोस. मी शब्दाचा पक्का आहे," तो म्हणाला आणि गाडीपाशी बसला.

"गाडी मरू दे! माझी बायको खाली पडलीय. आधी तिला वर काढ, तुझ्या पाया पडतो!"

त्या माणसाने मान वर केली. रागाने नाही, हं. अगदी नवल वाटल्यासारखं त्याने पाहिलं.

"बायको? गाडीचं जे मोडेल ते, असं ठरलं होतं. बायको हमीत नव्हती."

सुभाना दरीत उतरला. हात सोलले, गुडघे फुटले. येसू सापडली, पण तिच्यात काही उरलं नव्हतं. त्याने तिला हाका मारल्या. आयुष्यात कधी मारल्या नसतील इतक्या मारल्या. मग तिला पाठीवर घेऊन तो वर आला.

वर गाडी तयार उभी होती. नवा आख, घट्ट बसलेली चाकं, तकतकीत लाकूड, बैल जुंपलेले. तो माणूस हात झटकत उभा होता.

"बघून घे. काही तक्रार असेल तर सांग," तो म्हणाला.

सुभानाने पाहिलं. काय सांगणार? गाडीत खोट नव्हती. त्या माणसाने फसवलं नव्हतं, बोलला होता त्यातला शब्द न् शब्द पाळला होता. मला तर पोरांनो, या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात भीतीची वाटते.

ऊन उतरताना गाडी गोदेच्या दारात पोचली. शेजारपाजारची माणसं जमली. "काय सुरेख गाडी हो! नवी घेतलीत वाटतं?" असं म्हणत एकजण चाकावर थापा मारू लागला. सुभाना खाली मान घालून उभा होता.

गोदा भिंतीला धरून धरून बाहेर आली. कळा सुरू झाल्या होत्या, तरी चेहरा खुलला होता. गाडीकडे तिने पाहिलंही नाही.

"बाबा, आई कुठंय?" ती म्हणाली. "तिला म्हणावं लवकर आत ये, मला भीती वाटतेय."

सुभानाची नजर गाडीकडे गेली. गोदेने गाडीत वाकून पाहिलं आणि वर पांघरलेल्या लुगड्याचं टोक उचललं.

मोडलेलं जोडून देणारा कुणीही भेटेल, पण मोडण्याआधी लक्ष ठेवणं हे ज्याचं त्याचं काम आहे, ते कुठल्याही हमीच्या बदल्यात कुणाला देऊन टाकू नये.