तबकडीवर न उतरलेलं गाणं

ही गोष्ट तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्याही आधीची. समुद्राकाठच्या एका नगरात भिवजी नावाचा तांबट राहत असे. मेणाच्या तबकडीवर माणसाचा आवाज उतरवून घ्यायची कला त्याला साधली होती. तबकडी फिरवली की गाणारा जणू समोर येऊन बसे.

भिवजी गलबतांतून देशोदेशी जाई. वाळवंटातले उंटवाले, बेटांवरचे कोळी, बर्फातले मेंढपाळ, ज्यांना दरबारात कधीच कुणी बोलावलं नसतं, त्यांची गाणी तो घेऊन येई. मागे त्याची बायको सगुणा त्यांचं गाणी ऐकवायचं दुकान सांभाळी. मेण ती गाळी, तबकड्या ती ओती, आणि आलेल्याला जवळ बसवून गाणं कुठलं, कुणाचं, ते सांगे.

राजाने निरोप धाडला, की मोठी हवेली देतो, पण मला आवडतील तीच गाणी ठेवायची. दोघांनी नम्रपणे नकार दिला. दुकान लहानच राहिलं, पण कुणाच्या हुकमाखाली गेलं नाही.

सगुणा पलीकडच्या डोंगरातून लग्न होऊन आली होती. तिची बोली नगरात कुणालाच कळत नसे. एकदा भिवजी प्रवासाला निघताना ती म्हणाली, "आमच्याकडे लेक सासरी निघाली की आई एक गाणं म्हणते. ते माझ्या आवाजात उतरवून घेता का?"

"गलबत सुटायला आलंय. तू काय, घरातच आहेस. आल्यावर घेऊ."

तिने मान हलवली आणि त्याची शिदोरी बांधून दिली.

तो परतला तेव्हा दुकानाला कुलूप होतं. नगरात तापाची साथ येऊन गेली होती, आणि तिच्यात सगुणा गेली होती.

भिवजीने एकेक तबकडी लावून पाहिली. एखाद्या गाण्यामागे तरी तिचा शब्द सापडेल, असं त्याला वाटत राहिलं. कुठेच नव्हता.

मग तो तिच्या डोंगरात गेला. तिच्या धाकट्या बहिणीने ते गाणं म्हणून दाखवलं. सगुणाही असंच म्हणायची का, असं त्याने विचारलं.

"नाही दाजी," ती म्हणाली. "प्रत्येकीचं वेगळं असतं. तिचं कसं होतं, ते तुम्हालाच ठाऊक असणार."

भिवजी कोरी तबकडी घेऊन नगरात परतला.

पुढेही दुकानात जगभरची गाणी येत राहिली. लोक ऐकून तृप्त होत. भिवजी मात्र साऱ्या आवाजांत एकच आवाज शोधत म्हातारा झाला.

म्हणून दूरचं ऐकायला निघण्याआधी, आपल्या घरात कोण काय सांगू पाहतंय, ते ऐकून घ्यावं.